मोठ्या ऑडिट फर्ममधली पहिली इंटर्नशिप: नाशिकच्या मुलामुलींसाठी पायरी-पायरीने

नाशिकच्या कॉमर्स कॉलेजातून निघून मी मुंबईतल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, लागले. निवडीचं पत्र आलं तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. पण तिथे जाऊन नेमकं काय करायचं असतं, हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. आमच्याकडे सीए म्हणजे जुलैमध्ये रिटर्न भरून देणारे ओळखीचे काका. चारशे-पाचशे माणसांचं ऑफिस, दाराशी कार्ड लावून आत जायचं, पार्टनरला नावाने हाक मारायची, यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या मागून येणाऱ्यांना तरी ते आधी कळावं म्हणून लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, सांगितलं, वाटलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यात, कुणी तोंडी सांगितलं ते दुसऱ्यात, आणि आपल्याला जे वाटतंय ते तिसऱ्यात. ही वही मला माझ्या सीनियरने तिसऱ्या दिवशी करायला लावली. पुढे दोन वर्षांत जे काही जमलं ते या तीन रकान्यांमुळे जमलं, आणि जिथे चुकलं तिथे रकाने एकमेकांत मिसळले होते.

आधी रस्ता ठरवा

मोठ्या फर्म म्हटलं की डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही चार नावं येतात. त्यांच्याखेरीजही देशभर ऑफिसं असलेल्या बऱ्याच मोठ्या फर्म आहेत आणि तिथलं काम साधारण याच पद्धतीने चालतं. आत जायचे रस्ते मात्र वेगवेगळे.

सीए करत असाल तर आर्टिकलशिप. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच ती सुरू होते, आणि तीनऐवजी दोन वर्षांची असते. त्याआधी आयसीआयटीएसएस, म्हणजे सीए संस्थेचं आयटी आणि सॉफ्ट स्किल्सचं प्रशिक्षण, पूर्ण लागतं, आयटी आणि ओरिएंटेशन हे दोन्ही भाग. त्याच्या बॅच संस्थेच्या आपल्या नाशिक शाखेत होतात. निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा आधीच नंबर लावून टाका. निकालानंतर सगळे एकदमच धावतात आणि मोठ्या फर्मच्या जागा तेवढ्यात भरून जातात. सुट्ट्या वर्षाला फक्त १२ दिवस, आणि फायनलला बसता येतं आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी. म्हणजे अभ्यासाचा मोठा वेळ शेवटी मिळतो, मधे मिळत नाही. हे घरी आधीच समजावून ठेवा, नाहीतर प्रत्येक लग्नाला 'एक दिवस सुट्टी काढता येत नाही का' हे ऐकावं लागतं.

बीकॉम, बीबीए, एमबीए किंवा इंजिनिअरिंगला असाल तर सहा-आठ आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप किंवा कॉलेजची ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग). इंजिनिअरिंगवाल्यांनी 'आपलं काय काम तिथे' असं समजू नका. कंपनीची सगळी खाती आता सॉफ्टवेअरमध्ये असतात, कुणाला कशाची परवानगी आहे, कुणी नोंद बदलली तर माग राहतो का, हे तपासणाऱ्या वेगळ्या टीम असतात. १ एप्रिल २०२३ पासून तर हा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं कंपन्यांना बंधनकारकच झालंय.

इंटर्नशिप देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, 'डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी', काहीही, तर तिथेच थांबा. मेल फर्मच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय की फुकटच्या ईमेलवरून, ते बघा.

मुलाखतीबद्दल थोडंच सांगते. रेझ्युमेवर लिहिलेली प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवी, एवढं पुरतं. मला विचारलं होतं, तुमच्या गावातला एखादा धंदा घ्या आणि त्याचा पैसा कुठे अडकतो ते सांगा. मी वायनरी घेतली. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात, वाइन पुढे महिनोन् महिने विकली जाते, त्यामुळे ३१ मार्चला पैसा टाक्यांमध्ये अडकलेला दिसतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, दिंडोरी रोडला मावशीकडे जाता-येता ऐकलेलं होतं. आपल्या भोवतीचे धंदे डोळसपणे बघितलेले असले की पाठ केलेल्या उत्तरापेक्षा जास्त कामाला येतात.

रुजू होण्याआधीचा एक फॉर्म

पॅन, आधार, मार्कशीट, बँकेचं पासबुक, फोटो, हे सगळं लागतंच, त्यावर वेळ घालवत नाही. आर्टिकल असाल तर फॉर्म १०२ (करार) आणि १०३ (नोंदणी) भरले जातात. १०३ हा सुरुवातीपासून ३० दिवसांत जायला हवा. फर्म भरते, पण तारीख तुमची जाते, तेव्हा स्वतः विचारून खात्री करा.

खरा वेळ द्यायचा तो स्वतंत्रतेच्या फॉर्मला. इंडिपेंडन्स डिक्लरेशन म्हणतात त्याला. ज्या कंपनीचं ऑडिट फर्म करते, त्या कंपनीत तुमचा किंवा घरच्यांचा काही हितसंबंध आहे का, शेअर आहेत का, कुणी नोकरीला आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. मुंबईची मुलं हा फॉर्म दोन मिनिटांत भरतात. नाशिकच्या मुलांना तसं चालत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सातपूरला, अंबडला, सिन्नरला नाहीतर ओझरला कामाला असतं. माझा सख्खा मामा अंबडच्या ज्या कंपनीत स्टोअरला आहे, तीच कंपनी माझ्या पहिल्या कामाच्या यादीत निघाली. फॉर्ममध्ये मामाचा रकाना नव्हता. आई-वडील, भावंडं, नवरा-बायको एवढंच विचारलं होतं. मी दोन रात्री विचार केला, सांगितलं तर काम जाईल का, आणि शेवटी मॅनेजरला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, 'बरं केलंस सांगितलंस' म्हणाले, आणि मला दुसऱ्या कंपनीवर टाकलं. पाच मिनिटांत विषय संपला. हेच चार महिन्यांनी कुणाच्या लक्षात आलं असतं तर मी केलेलं सगळं काम पुन्हा कुणाला तरी करावं लागलं असतं.

वडिलांच्या डीमॅट खात्यातले शेअरही बघून घ्या. पुष्कळ घरांत जुने पाच-दहा शेअर पडलेले असतात आणि कुणाच्या ध्यानातही नसतात.

पहिला आठवडा

लॅपटॉप मिळतो, पासवर्ड मिळतो, आणि एकामागून एक ऑनलाइन ट्रेनिंग सुरू होतात. कंटाळवाणी वाटली तरी ती नीट करा, कारण नंतर 'हे मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही.

पार्टनर, डायरेक्टर, मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, सीनियर आणि मग आपण, अशी उतरंड असते. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. कॉलेजात 'सर' म्हटल्याशिवाय तोंड न उघडलेल्या आपल्यासारख्यांची जीभ तिथे अडखळते. मला महिना लागला. पण नाव घेतलं म्हणजे आदर कमी झाला असं तिथे कुणी मानत नाही, आणि क्लायंटकडे गेल्यावर मात्र साहेब, मॅडम, काका हे सगळं होतंच.

मुंबईला राहायची सोय आधी बघा. पंचवटी एक्सप्रेसने रोज ये-जा करणारे पासवाले खूप आहेत आणि त्यांना बघून घरचे म्हणतात, तूही कर की. ऑडिटच्या दिवसांत ते निभत नाही, कारण परतायची वेळ आपल्या हातात नसते. कल्याण, ठाणे, दादर या बाजूला दोघी-तिघी मिळून खोली घ्या आणि शनिवार-रविवारी घरी या.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट, सम-इफ आणि फिल्टर एवढं हाताला बसलेलं असू द्या. बाकी तिथे शिकता येतं. मूळ आकडा जिथून आला ती शीट कधी बदलायची नाही, कॉपी करून त्यावर काम करायचं, ही एकच सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

क्लायंटकडे कसं वागायचं

नवव्या दिवशी मला पुन्हा नाशिकलाच पाठवलं, सिन्नरच्या एका कारखान्याच्या ऑडिटला. पुढचे महिने निम्मे असेच गेले, मुंबईची टीम आणि काम नाशिकला. तिथे एक गोष्ट कळली. टीममधल्या सगळ्यांना खाती माझ्यापेक्षा चांगली कळत होती, पण स्टोअरमधल्या काकांशी मोकळेपणाने बोलणारी मी एकटीच होते. 'काका, हा माल इथे किती दिवसांपासून पडून आहे?' असं मराठीत विचारलं की उत्तर पण सरळ येतं. मात्र काकांनी सांगितलं ते दुसऱ्या रकान्यात जातं, पहिल्यात नाही. 'गेल्या दिवाळीपासून पडून आहे' हे ऐकल्यावर शेवटचा इश्यू कधी झाला, म्हणजे स्टोअरमधून तो माल शेवटचा कधी दिला गेला, ते सिस्टिममध्ये बघायचं, आणि मगच वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या नोंदीत, लिहायचं.

अकाउंट्सच्या माणसांचं कॅलेंडर पाठ करा. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी 'डेटा आला का?' म्हणून त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहू नका. मी १९ तारखेला एका मॅडमकडे चाळीस बिलं मागितली होती. त्यांनी मान वर न करता 'परवा' एवढंच म्हटलं. मला राग आला होता, आणि वीस मिनिटांनी त्यांना पोर्टलशी झगडताना पाहून माझीच चूक कळली.

प्रश्न सुटे सुटे विचारत बसू नका. वहीत साठवा, दुपारच्या जेवणाआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दहा-बारा एकत्र घेऊन जा. सीनियरलाही तसंच. पण एखाद्या गोष्टीवर अर्धा तास अडकलात आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणखी एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी प्रेमाने द्राक्षांची पेटी देऊ करतो. मनात काही नसतं त्यांच्या, आपल्याकडची रीतच आहे ती. स्टोअरमधला चहा घ्या, कॅन्टीनचं जेवण जेवा, पेटीला मात्र 'आमच्याकडे चालत नाही हो' असं हसून नाही म्हणा आणि सीनियरच्या कानावर घाला. फर्मचे भेटवस्तूंचे नियम असतात ते वाचून ठेवा, म्हणजे त्या वेळी गडबडायला होत नाही.

एक बिल तपासणं म्हणजे काय

व्हाउचिंग, म्हणजे नोंद मूळ कागदांशी ताडून बघणं, हा शब्द कॉलेजात दोन मार्कांसाठी पाठ केलेला असतो. प्रत्यक्षात ते कसं दिसतं ते एका बिलावरून सांगते. स्टीलच्या सळ्यांचं खरेदीचं बिल, तारीख ३१ मार्च. नुसतं बिल बघून टिक मारली तर ते काम एक मिनिटाचं. मी टेबलावर सगळे कागद शेजारी शेजारी मांडले: पर्चेस ऑर्डर, पुरवठादाराचं बिल, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं बिल), गेट एन्ट्रीचा शिक्का, वजनकाट्याची पावती आणि जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद). दर ऑर्डरप्रमाणे, वजन पावतीप्रमाणे, जीएसटी नंबर बरोबर. जीआरएनवर तारीख ३१ मार्च. गेटच्या निळ्या शिक्क्यावर पेनाने लिहिलेली तारीख मात्र २ एप्रिल, वेळ सकाळी ७.४०.

म्हणजे माल वर्ष संपल्यावर आत आला आणि साठ्यात धरला गेला आदल्या वर्षी. यात लबाडी असेलच असं नाही. ऑर्डरच्या अटींप्रमाणे माल पुरवठादाराच्या दारातून निघाल्यावरच कंपनीचा होत असेल तर तो 'वाटेतला माल' म्हणून धरता येतो. पण ते अटी वाचून ठरतं. मी वहीत लिहिलं, पाहिलं: गेटचा शिक्का २ एप्रिल. सांगितलं: 'गाडी रात्रीच आली होती, एन्ट्री उशिरा केली.' वाटलं: सिक्युरिटीच्या गाड्यांच्या रजिस्टरमध्ये बघावं. रजिस्टरमध्ये गाडी २ तारखेलाच होती. सीनियरने मग ३१ मार्चच्या आसपासची आणखी पंचवीस बिलं काढायला सांगितली. तुमच्या हातून असं काही निघालं तर आरोप केल्यासारखं बोलू नका आणि दाबूनही ठेवू नका. कागदांचे फोटो किंवा कॉपी फर्मच्या पद्धतीप्रमाणे जोडा आणि सीनियरला दाखवा. पुढे काय ते ठरवणं त्यांचं काम.

३१ मार्च: माल मोजायला गेलात तर

साठा मोठा असेल तर कंपनी माल मोजते तेव्हा ऑडिटरने हजर राहायचं असतं. ऑडिटचं ५०१ नंबरचं स्टँडर्ड तेच सांगतं. नव्या मुलांना हमखास मिळणारं काम हेच, आणि याची तयारी कुणी नीट करून घेत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशी मोजणीच्या सूचना, गोदामाचा नकाशा आणि मालाची यादी मागवा. पायात पुढून बंद, जाड तळाचे बूट हवेत. सेफ्टी शूज कंपनीकडे असतातच असं नाही, आणि असले तरी आपल्या मापाचे मिळत नाहीत. पाण्याची बाटली, दोन पेनं, मोबाइलला चार्ज. फोटो काढायला परवानगी लागते, ती आधी विचारा. सुट्टीचा वार प्रत्येक कंपनीत रविवारच असेल असं धरून चालू नका, तोही विचारून घ्या.

पोचल्यावर सगळ्यात आधी शेवटचे नंबर टिपा: शेवटचा जीआरएन, शेवटचं विक्रीचं बिल, शेवटचा गेटपास. मोजणी चालू असताना मालाची हालचाल बंद आहे का ते स्वतः बघा. नसेल तर काय हललं ते लिहा. मग दोन्ही दिशांनी मोजा. यादीतली काही नावं घेऊन माल शोधायचा, आणि जमिनीवर दिसणारा काही माल घेऊन तो यादीत आहे का बघायचं. पहिल्याने यादीतला खोटा माल सापडतो, दुसऱ्याने यादीतून सुटलेला. जॉब वर्कसाठी, म्हणजे नुसतं काम करून परत द्यायला, दुसऱ्या कंपनीचा आलेला माल तिथेच पडलेला असतो, तो आपल्या क्लायंटचा नव्हे. तसाच क्लायंटचा माल बाहेर जॉब वर्करकडे असतो, त्याची चलनं मागा. धूळ, गंज, फाटलेला टॅग, टॅगवरची जुनी तारीख, हे सगळं पहिल्या रकान्यात.

आता माझी चूक. फोर्जिंगचे सुटे भाग लोखंडी बिनमध्ये भरलेले होते. असे भाग एकेक मोजत नाहीत, वजन करून एका नगाच्या वजनाने भागतात. एक नग ५५० ग्रॅमचा. बिन काट्यावर ठेवली, ४८६ किलो भरलं, मी भागाकार करून ८८४ नग लिहिले. यादीत होते ८००. अशा सहा बिन मोजल्या, सगळ्यांत माल जास्त. मी खूश होते, पहिल्याच मोजणीत मला फरक सापडला होता. रात्री साडेदहाला सीनियरने शीट बघितली आणि एकच विचारलं, 'सहाही बिनमध्ये जवळपास तेवढाच जास्त कसा?'

बिनचं स्वतःचं वजन मी वजा केलंच नव्हतं. ४६ किलो वजा केल्यावर ४४० उरतात, आणि नग बरोबर ८०० होतात. कारो २०२० या ऑडिट रिपोर्टबद्दलच्या सरकारी आदेशाप्रमाणे मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर ते ऑडिट रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. माझा नसलेला फरक साडेदहा टक्के दाखवत होता.

सकाळी आम्ही परत गेलो, पण रात्रपाळीने दोन बिनमधून माल काढला होता. मग १ एप्रिलला मोजून, रात्रीच्या इश्यू स्लिप घेऊन, मागे जात ३१ चा आकडा काढावा लागला. याला रोल-बॅक म्हणतात. दोन माणसांचा अर्धा दिवस त्यात गेला. स्टोअरचे काका शेजारी उभे होते. त्यांनी बिनच्या कडेवर हात फिरवून धूळ पुसली. खाली पांढऱ्या रंगात ४६ लिहिलेलं होतं. 'ताई, काल विचारलं असतंत तर सांगितलं असतं,' ते म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांना दिवसभर माल कुठे आहे तेवढंच विचारत होते, मोजतात कसं हे विचारलंच नव्हतं.

तेव्हा मोजणी सुरू करण्याआधी तिथल्या माणसाला विचारा की तुम्ही हे कसं मोजता. काट्यावर तपासणीचं स्टिकर आहे का, त्याची मुदत संपली का, ते बघा. रिकामी बिन समोर काट्यावर ठेवून घ्या. आणि फरक निघाला की आनंदायच्या आधी पुन्हा मोजा.

उशीर होणार असेल तर घरी जायच्या गाडीचं संध्याकाळी सहालाच ठरवा. रात्री एमआयडीसीत रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. फर्मकडे कॅब मागायला मुलींनी आणि मुलांनीही संकोच करू नये, ती कामाचीच सोय आहे.

बँकेचं पत्र

बँकेतली शिल्लक तपासायला बँकेकडून थेट पत्र मागवतात. हे काम नव्या मुलांकडे येतं आणि टपालाचं काम वाटतं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की खात्यांत दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे पत्र आपल्या हाताने जायला हवं आणि उत्तर आपल्याकडेच यायला हवं. क्लायंटचा माणूस म्हणाला, 'द्या इकडे, मी शाखेत जातोच आहे, घेऊन येतो', तर नम्रपणे नाही म्हणा. तो भला माणूस असेल, पण त्याच्या हातून आलेलं पत्र आपल्या कामाचं उरत नाही.

रिव्ह्यू नोट आणि टाइमशीट

तुमच्या वर्किंग पेपरवर सीनियर शंका लिहितात, त्या रिव्ह्यू नोट. पहिल्या फाइलवर मला एकतीस आल्या आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. नंतर कळलं की मॅनेजरच्या कामावर पार्टनरही नोट टाकतात. नोट आली की नुसतं 'डन' लिहून बंद करू नका. काय बघितलं, कुठे बघितलं, काय निघालं, हे लिहा. तुम्हाला न भेटलेल्या माणसाला तुमचा कागद वाचून तेच काम पुन्हा करता आलं पाहिजे, इतकं स्पष्ट. ऑडिट रिपोर्टवर सही झाल्यापासून ६० दिवसांत फाइल लावून पूर्ण करायची असते, आणि ती रिपोर्टच्या तारखेपासून निदान सात वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे अंदाजाने लिहिलेली ओळ पुसायला पुढे वाव नसतो.

टाइमशीटमध्ये खरे तास लिहा. आठवड्याला ३५ तास हा आर्टिकलच्या कामाचा साधारण हिशेब, सीझनमध्ये तो पुष्कळ वाढतो. 'मला वेळ लागतो हे दिसायला नको' म्हणून बारा तास काम करून आठ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्याने पुढच्या वर्षीच्या टीमला आठच तास मिळतात, आणि त्या जागी तुमच्यासारखंच कुणीतरी नवं येऊन बसतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. झेपत नसेल तर आठवडा संपायच्या आत सीनियरला सांगा, शेवटच्या रात्री सांगून उपयोग नसतो.

बाहेर काय बोलायचं नाही

क्लायंटचं नावसुद्धा नाही. नाशिक लहान आहे. मिसळीच्या टेबलावर शेजारी बसलेला माणूस त्याच कंपनीचा सप्लायर निघतो. गाडीत लॅपटॉप उघडू नका, पासवाल्यांमध्ये निम्मे अकाउंट्स आणि बँकेतले असतात. शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी असेल तर तिचे जाहीर न झालेले आकडे कुणाला सांगणं हा सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत गुन्हा ठरू शकतो, आणि इंटर्नलाही ते लागू आहे. मामाने घरी विचारलं, 'आमच्या कंपनीचं कसं चाललंय गं?' तर मी सांगायचे, 'मला तिथे टाकलेलंच नाही मामा.' ते खरंही होतं.

निघताना

शेवटच्या पंधरवड्यात फॉर्म १०८ (आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा) वेळेवर जाईल ना ते बघा. ओजेटीवाल्यांनी कॉलेजला लागणारं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवं ते आधीच एचआरला पाठवा, नंतर मेलामेली करण्यात महिने जातात. लॅपटॉप जसाच्या तसा परत करा. एकही वर्किंग पेपर स्वतःच्या पेनड्राइव्हवर किंवा मेलवर नेऊ नका, 'नमुना म्हणून' सुद्धा नाही. वहीत क्लायंटचे आकडे असतील तर तीही फर्ममध्येच जमा करा. मी माझी केली, जड मनाने.

आणि पुढच्या मुलासाठी एक पानभर टिपण ठेवा. खात्यांचं त्याला फाइलमध्ये मिळेल, तुम्ही बाकीचं लिहा. कुणाकडे कोणता कागद असतो, कुणाला कोणत्या तारखांना त्रास द्यायचा नाही, गेट रजिस्टर कुठे ठेवतात. माझ्या टिपणातली शेवटची नोंद अशी होती: फोर्जिंगच्या बिनचं रिकामं वजन डाव्या कडेवर पांढऱ्या रंगात आहे; पाच बिनवरचा रंग उडालाय, त्या रिकाम्या असताना काट्यावर घ्याव्या लागतील, म्हणून ३० तारखेला दुपारपर्यंत स्टोअरला फोन करणे.